सरसकट सगळ्या लशी टाळू नका
'बाळाचा विचार चालू असताना कुठलीच लस नको' हा सल्ला वाचून काळजी वाटली. दिवस राहू देण्यासाठी थांबावं लागतं ते गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लशीनंतर, कारण त्यांत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. तेही साधारण १ महिनाच. धनुर्वात किंवा फ्लूच्या इंजेक्शनसाठी थांबायची गरज नसते. रुबेला मात्र हलक्यात घेऊ नका! आईला थोडं पुरळ, बारीक ताप, एवढंच. पण गरोदरपणाच्या पहिल्या ३ महिन्यांत झाला तर बाळाला बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयाचे दोष होऊ शकतात. रक्ततपासणीत प्रतिकारशक्ती आहे का ते कळतं, ती आधीच करून घ्या. आणि लस घेतल्यावर लगेच दिवस राहिले, तर घाबरून गर्भपाताचा विचार कृपया करू नका. तेवढ्या कारणासाठी तो करायला सांगत नाहीत, डॉक्टरांशी बोला.