मुंबईच्या रात्रीवर बेळगावातून प्रेम कसं करावं

मुंबईच्या रात्रीवर प्रेम करायचं तर मुंबईत राहून भागत नाही. तिथल्या माणसाला सकाळची लोकल गाठायची असते, तो बिचारा अकराला अंथरुणावर पडतो. ती रात्र मनसोक्त आवडायला माणूस पाचशे किलोमीटर लांब हवा, बेळगावच्या शहापूर-वडगावकडचा. म्हणजे तुम्ही अगदी योग्य जागी आहात.

सुरुवात गाऱ्हाण्यापासून करा. रामदेव गल्लीतली शटरं खाली यायला लागली की गाडी कडेला घ्या, सुस्कारा सोडा आणि शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणा, "हे काय शहर आहे? मुंबईत आत्ता कुठं रात्र सुरू व्हायली असंल." मुंबईत आजवर एकूण किती रात्री काढल्या हे शक्यतो कुणी विचारत नाही. (डोंबिवलीतलं चुलतभावाचं लग्न धरून तीन.) विचारलंच तर हवेचा विषय काढा. बेळगावात हवेवर बोलणं सुरू झालं की कुठलाही प्रश्न मागे पडतो. सीमाप्रश्न सोडून.

थोडा अभ्यासही लागतो. २०२० च्या जानेवारीत मुंबईतल्या मॉलना आणि गिरण्यांच्या आवारातल्या हॉटेलांना चोवीस तास उघडं राहायची मुभा मिळाली, हे पाठ करून ठेवा. दारूची वेळ मात्र दीडचीच राहिली, तेवढं गाळा. कर्नाटक सरकारनंही २०२१ च्या जानेवारीत दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना तशीच मुभा दिली होती, हे तर तोंडातूनच काढू नका. आपल्या गल्लीत दहा कामगारांचं दुकान शोधत कोण हिंडणार? आणि सापडलंच, तर गाऱ्हाण्यातली सगळी मजा गेली. त्यापेक्षा मरीन ड्राइव्हच्या दिव्यांवर बोला. २०१५ साली तिथले पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, तेव्हा अनेक मुंबईकर हळहळले होते. तुम्ही त्या वर्षी नववीत होता आणि समुद्र फक्त वेंगुर्ल्याचा पाहिला होता. तरी हळहळा.

मग एकदा प्रत्यक्ष जा. निघण्याआधी सीमेवर वातावरण तापलेलं नाही ना, एवढं बघून घ्या, नाहीतर निपाणीच्या पुढं बसच जायची नाही आणि तुमचं नाइटलाइफ तिथल्या स्टँडवरच उरकावं लागेल. आई दशम्या बांधताना विचारेल, "रात्री काय बघायचं असतंय रे? अंधारच की." या प्रश्नाला उत्तर नाही. पिशवी घ्या आणि निघा.

मुंबईत रात्री दीड-दोनला बाहेर पडा. गाडीवर भुर्जीपाव खा. तोच बेळगावात मिळाला असता तर तेलाचा वास येतो म्हणाला असता. इथं त्याला 'फ्लेवर' म्हणायचं. सायकलवर चहा विकणारा दिसला की त्याला सांगा, "मुंबई कधी झोपत नाही." तो हो म्हणेल, कारण त्याला दहा रुपये यायचेत. दिवसा कुठं झोपतोस, हे मात्र विचारायचं नाही. फोटो काढताना फुटपाथवर झोपलेली माणसं मध्ये येतात, तेव्हा कॅमेरा जरा वर धरा. गेटवे, ताज वगैरे उंच गोष्टी त्यासाठीच बांधल्या असाव्यात.

शेवटची लोकल एकच्या सुमारास जाते आणि पहिली चारनंतर सुटते. मधले तीन तास म्हणजेच ते प्रसिद्ध नाइटलाइफ. ते बहुधा एखाद्या बाकावर, बॅग पोटाशी धरून पार पडतं. हवालदारानं येऊन "चला, उठा" म्हटलं, तर त्या आवाजात मुंबईचा जिव्हाळा शोधा. बेळगावात चन्नम्मा सर्कलला रात्री साडेअकराला कुणी "यल्ली होंटीरी?" (कुठं निघालात?) म्हणून कन्नडात विचारलं, की तीच दडपशाही असते. इथं मात्र मराठीत हाकललंय, त्याचाच आनंद माना.

परत आल्यावर खरी कसोटी आहे. आपल्या गावाला रात्र असते, हे काही केल्या लक्षात येऊ द्यायचं नाही. शिवजयंतीचे चित्ररथ पहाटेपर्यंत गल्ल्यांतून फिरतात, म्हाताऱ्या बायका पायऱ्यांवर घोंगडी पांघरून बसतात, पोरं बापाच्या खांद्यावर झोपतात. त्याला नाइटलाइफ म्हणू नका, ती 'मिरवणूक'. गणपती विसर्जनाला कपिलेश्वर तलावावर उजाडतं, तो 'ट्रॅफिक जाम'. रमजानात खडे बाजारात रात्री उशिरापर्यंत पाय ठेवायला जागा नसते, ती 'गर्दी'. मुंबईत मोहम्मद अली रोडवर हेच सगळं दिसलं तर 'कल्चर'. पहाटे बस स्टँडवर उतराल तेव्हा चहाचा स्टोव्ह पेटलेला असेल. चहावाला तुमच्या आधीपासून जागा आहे, पण तो कन्नड-मराठी मिसळून बोलतो आणि तुम्हाला नावानिशी ओळखतो. रोमँटिक व्हायला त्यातलं काही उपयोगाचं नाही.

राहता राहिला शेजारचा माग. वडगावात रात्रपाळीला यंत्रमाग चालू असतात. खटक-खट, खटक-खट, पहाटेपर्यंत. साडी तयार होत असेल, विणकराचे डोळे चुरचुरत असतील, पण दहानंतर आवाज करू नये हा कायदा नेमका इथंच आठवायचा असतो. गल्लीतल्या चार सह्या घेऊन अर्ज करा. नमुना हवा असेल तर माझ्याकडे आहे, गेल्या वर्षी दिलाय.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत झोप येणार नाही, तेव्हा इअरफोन घाला. मुंबईच्या रात्रीच्या आवाजांचे आठ-आठ तासांचे व्हिडिओ मिळतात: पाऊस, टॅक्सीचे हॉर्न, लांबून जाणारी लोकल, मध्येच कुणीतरी "चाय, चाय" ओरडतं. मला तर दहा मिनिटांत झोप लागते. मागाचा आवाज मधून मधून येतोच, तेव्हा हॉर्न जरा मोठा करा.