संघटनेच्या सभेत रुग्णाचा विषय कधी येणार?

मार्च 2023 मधील संपाचा चौथा दिवस माझ्या मनातून जात नाही. जुन्या निवृत्तिवेतनाच्या मागणीसाठी 14 मार्चपासून राज्यभरातील सरकारी आणि निमसरकारी कर्मचारी संपावर होते आणि मी ज्या सरकारी रुग्णालयात औषधनिर्माता म्हणून काम करतो, त्याच्या फाटकासमोर आमच्या कर्मचारी संघटनेची द्वारसभा सुरू होती. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा चालू असताना एक वयस्कर बाई केसपेपर घेऊन पुढे आल्या. तो त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशवीत घडी करून जपून ठेवला होता आणि त्याला एक चिठ्ठी टाचलेली होती. चिठ्ठी मी लांबूनच ओळखली. औषध साठ्यात नसले की ते बाहेरून विकत आणायला सांगणाऱ्या तशा चिठ्ठ्या रोज माझ्या खिडकीवर येतात. बाई शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या पेन्शनीसाठी बसलाय, बसा. पण माझ्या सुनेच्या इंजेक्शनासाठी कधी असं बसला व्हता का, दादा?”

आमच्यापैकी कोणीही उत्तर दिले नाही. उत्तर नव्हतेच.

संपाची मागणी न्याय्य होती, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आल्याने ज्यांना जुने निवृत्तिवेतन लागू नाही, त्यांच्यात मीही आहे आणि आयुष्यभर नोकरी केल्यावर म्हातारपणीचे उत्पन्न बाजाराच्या चढउतारावर सोपवले जाणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पण 20 मार्चला संप मागे घेतला गेला तोपर्यंत गावात, रिक्षात, अगदी नातेवाइकांच्या घरीही आम्हाला जे ऐकून घ्यावे लागले, ते केवळ गैरसमजातून आलेले नव्हते. शाळा बंद, दवाखाना अर्धा बंद आणि मागणी फक्त आमची. आमच्यासाठी लोकांनी रस्त्यावर यावे, असे आम्ही त्यांच्यासाठी काय केले होते?

त्याच वर्षी उलटा अनुभवही आला. 6 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयाने नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी कार्यालयांत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याची वाट मोकळी केली, तेव्हा स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलेमुली जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढू लागली आणि 20 ऑक्टोबरला तो निर्णय रद्द करत असल्याची घोषणा सरकारला करावी लागली. त्या घोषणेमागे राजकारणही होते, हे मी नाकारत नाही. तरीही जो प्रश्न कर्मचाऱ्याचा असतो तोच लोकांच्या घरातला होतो तेव्हा त्याचे वजन किती वाढते, हे सहा महिन्यांच्या अंतराने आम्हाला दोन्ही बाजूंनी पाहायला मिळाले.

संघटनेने सभासदांशी पगाराखेरीज दुसरे काही बोलू नये, हे मत आमच्यातील ज्येष्ठही ठामपणे मांडतात. मला ते आपल्याच इतिहासाला धरून वाटत नाही. या देशात गिरणी कामगारांना संघटित करण्याची सुरुवात ज्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत केली, ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते आणि ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवत होते. 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, एवढेच आपण 1 मेच्या भाषणात सांगतो. विधवांच्या केशवपनाला नकार देण्यासाठी लोखंडे यांनी मुंबईतील नाभिक बांधवांना उभे केले, 1893 च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर सलोख्यासाठी ते झटले आणि प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला, हे मात्र आपण सांगत नाही. सुट्टीची मागणी आणि साथीतील रुग्णसेवा ही त्यांच्या लेखी दोन वेगवेगळ्या खात्यांतील कामे नव्हती.

मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते 1928 चे उदाहरण, कारण ते अवघड आहे. त्या वर्षी मुंबईच्या गिरण्यांमध्ये सहा महिन्यांचा संप झाला. त्या काळी कापडखात्यात, म्हणजे विणाईच्या विभागात, जिथे मजुरी अधिक होती, अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. मागाच्या धोट्यात सुताची नवी कांडी घातल्यावर धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याने विटाळ होतो, असे सवर्ण कामगार म्हणत. हा नियम मालकाने केलेला नव्हता. तो सोबतच्या कामगारांनीच पाळलेला होता. ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत असावी, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धरला आणि पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच मान्य केली. बहुसंख्य सभासदांना दुखावण्याची भीती त्यांना होती. ती भीती मी समजू शकतो, कारण वर्गणी देणारा सभासद नाराज होईल या धास्तीने शाखेच्या बैठकीत मी स्वतः कितीतरी विषय गिळलेले आहेत. पण सभासदांचा रोष टाळण्यासाठी जो विषय आपण गिळतो, त्याची किंमत आपल्याहून दुबळा असलेला कामगार मोजतो, हे त्या कापडखात्याने दाखवून दिलेले आहे.

आमचे कापडखाते आमच्या रुग्णालयातच आहे. वॉर्ड झाडणाऱ्या, रक्ताने भरलेल्या चादरी उचलणाऱ्या बायका ठेकेदाराकडे कामाला आहेत. त्यांचा पगार दोन-दोन महिने थकतो. त्यांना आमच्या सभेला बोलवावे, असे मी पहिल्यांदा म्हटले तेव्हा “त्या आपल्या केडरमध्ये येत नाहीत” असे एका सहकाऱ्याने सांगितले आणि विषय संपला.

पुण्याच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने हे सगळे निराळ्या पद्धतीने केले. 1993 मध्ये कचरावेचक महिलांची ही संघटना उभी राहिली ती ओळखपत्रासाठी आणि कचऱ्यावरील हक्कासाठी. पण तिथे मुलींच्या शाळेचा आणि बालविवाहाचा विषयही संघटनेचाच विषय झाला. वापरलेले सॅनिटरी पॅड उघड्या हातांनी वेगळे काढावे लागतात म्हणून या महिलांच्या चळवळीने 2013 मध्ये तसल्या पॅडच्या पिशव्या ते बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवल्या. पुढे 2016 च्या घनकचरा नियमांत पॅडसोबत ते गुंडाळून टाकण्यासाठी वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. ज्यांच्याकडे ना सेवापुस्तिका ना निवृत्तिवेतन, त्या बायकांनी आपल्या हाताचा प्रश्न अख्ख्या शहराचा प्रश्न केला.

आमच्या शाखेत सुरुवात झाली ती एका दोनशे पानी वहीने. ज्या दिवशी जे औषध साठ्यात नसेल त्याचे नाव, मागणीपत्र पाठवल्याची तारीख आणि त्या दिवशी किती रुग्णांना ते बाहेरून आणावे लागले तो आकडा, एवढेच लिहायचे ठरले. ई-औषधी या सरकारी संगणक प्रणालीत साठा दिसतो, परत गेलेला माणूस दिसत नाही. पहिल्या सभेत सडकून विरोध झाला. हे प्रशासनाचे काम आहे, असे काही म्हणाले. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास 1979 च्या वर्तणूक नियमांची मनाई आहे, याची आठवण काहींनी करून दिली. ती हरकत पोकळ नव्हती, म्हणून वही बाहेर कोणाला दाखवायची नाही आणि निवेदन फक्त वरिष्ठांनाच द्यायचे, असे ठरले. शेवटी प्रसूती कक्षातील एक परिचारिका उठून म्हणाल्या की, नातेवाईक अंगावर धावून येतात तेव्हा पुढे मीच उभी असते, औषध का आले नाही हे मला माहीत नसते, आणि तरी तुम्ही म्हणता हा आपला विषय नाही. त्यानंतर बराच वेळ सभेत कोणी बोलले नाही.

15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले आणि बाहेरची चिठ्ठी लोकांना अधिकच बोचू लागली. तीन महिन्यांच्या नोंदी घेऊन आम्ही वरिष्ठांना भेटलो. सगळे सुटले नाही, पण पाच औषधांची स्थानिक खरेदी झाली, आणि वर्षानुवर्षे सभेला न फिरकलेले पंधरा-वीस सभासद पुढच्या सभेला आले, कारण वहीत त्यांच्या वॉर्डाचे नाव होते. कोणताही नेता भाषणाला येणार नसताना भरलेली ती सभा मी पहिल्यांदाच पाहिली.

आता तिसरी वही चालू आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर मी दोन विषय लेखी दिले आहेत. एक, रात्रपाळीत औषध खिडकी उघडी ठेवण्यासाठी रिक्त पद भरण्याची मागणी करणे आणि ते भरेपर्यंत आम्ही औषधनिर्मात्यांनी आळीपाळीने रात्री बसणे. दुसरा, ठेकेदाराकडील सफाई कामगार बायकांना सभेत बसण्याचा आणि बोलण्याचा हक्क देणे. पहिल्याला माझ्याच खात्यातील सहकारी विरोध करतील, दुसऱ्याला कदाचित निम्मी सभा. त्या बायकांपैकी दोघींना मी सभेची वेळ सांगून ठेवली आहे आणि त्या दारापाशी उभ्या राहणार नाहीत, यासाठी पुढच्या रांगेतील दोन खुर्च्या मी आधीच जाऊन धरणार आहे.