‘देशी पिल्लाला खर्चच नसतो’ हे खरं नाही

आपल्या नागपूरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरून राहिला. देशी पिल्लू पाळा, महिन्याला ५०० रुपये पुरतात, त्याची इम्युनिटी जबरदस्त असते, घरचं उरलेलं खातं, सरकारी दवाखान्यात सगळं फुकट, आणि काही झालंच तर त्या वेळी पाहून घेऊ. देशी पिल्लू घरी आणा हे मी पण शंभरदा म्हणेन, पण बाकीचं जे लिहिलंय ना त्याच्या भरवशावर लोक पिल्लू आणतात आणि पहिलं मोठं बिल आलं की ते परत रस्त्यावर जातं, म्हणून लिहून राहिली आहे.

आधी इम्युनिटी. रस्त्यावर जी धडधाकट देशी कुत्री दिसतात ती वाचलेली असतात, जी पिल्लं गेली ती कोणी मोजत नाही. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार, जात पाहत नाही. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, रेबीजची तीन महिन्यांच्या आसपास आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. हे पैसे वाचवले आणि पार्व्हो झाला तर उलट्या, रक्ताची संडास, कित्येक दिवस रोज सलाईन, आणि एवढं करूनही पिल्लू वाचेलच असं नाही. शिवाय तो विषाणू घरात, अंगणात महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनाईलने जात नाही, ब्लीच लागतं, म्हणून त्याच घरात लगेच दुसरं पिल्लू आणू नका.

आणि गोचीड! मेसेजमध्ये याचं नावच नाही, आणि माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात मोठा खर्च हाच आहे. गोचीड फक्त कुत्र्याच्या अंगावर नसतात, त्या भिंतीच्या भेगेत, कूलरच्या मागे, दाराच्या चौकटीत अंडी घालतात, त्यामुळे अंगावरच्या चार काढून टाकल्या की झालं असं होत नाही. त्यांच्यातून गोचीड ताप होतो. कुत्रं खात नाही, सुस्त पडून राहतं, प्लेटलेट उतरतात, कधी नाकातून रक्त येतं. मग रक्ताची तपासणी, जवळपास महिनाभर गोळ्या, परत तपासणी, आणि प्लेटलेट फारच उतरल्या तर रक्त चढवायची वेळ. त्यापेक्षा वजनाप्रमाणे मिळणारं गोचीडचं औषध डॉक्टरांना विचारून वेळच्या वेळी दिलेलं कितीतरी स्वस्त, पण ते महिन्याच्या हिशोबात आधीच धरावं लागतं.

नवतप्यात तर पारा ४५ च्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकूनच थंड होतं, म्हणून तुम्ही ऑफिसला गेल्यावरही त्याच्यासाठी कूलर चालू ठेवावा लागतो, ते लाईट बिल ५०० मध्ये कुठे बसवता? देशी कुत्र्याला पण ऊन लागतं.

उरलेलं खातं, हो खातं, तोच तर प्रॉब्लेम आहे. आपल्या भाजीत-रश्शात कांदा असतोच आणि कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. रविवारच्या सावजीची शिजलेली हाडं प्रेमाने टाकतो आपण, ती चिरफाळतात आणि आतड्यात अडकली तर थेट ऑपरेशन. साधा वरण-भात, उकडलेली अंडी, बिनहाडाचं उकडलेलं चिकन, याचा पण खर्च होतोच ना.

सरकारी दवाखान्याचं म्हणाल तर सेमिनरी हिल्सचं व्हेटर्नरी कॉलेज आपल्या शहरात आहे हे मोठं नशीब, तिथे नक्की जा. पण खाजगीपेक्षा पैसे कमी लागतात म्हणजे काहीच लागत नाही असं धरून जाऊ नका.

राहिलं ‘त्या वेळी पाहून घेऊ’. मादी असेल आणि नसबंदी केली नसेल तर वय वाढल्यावर गर्भाशयात पू होऊ शकतो, ते ऑपरेशन तातडीचं असतं, आणि आधी ठरवून केलेल्या नसबंदीपेक्षा महाग आणि जास्त धोक्याचं. काहून थांबायचं? पिल्लू आणायच्या महिन्यापासून १५०० रुपयांची आरडी काढा, वर्षाला १८,००० होतात, त्याला हात लावायचा नाही. तेवढं जमत नसेल तर ७००-८०० टाका, पण टाका. कुत्र्यांचा विमा पण मिळतो आता, फक्त घेण्याआधी त्यात काय धरत नाहीत ते नीट वाचा, लस न दिल्यामुळे झालेला आजार अनेक पॉलिसींत बसत नाही.

आणि रात्री कुठला डॉक्टर येतो, कुठला दवाखाना उघडा असतो, कुत्र्याला गाडीत कोण घेईल, हे पण पिल्लू घरी यायच्या आधीच विचारून ठेवा.