लक्स किती पडला?

फिशटँकमधल्या झाडांना उजेड पुरतो का, एवढंच मी दुकानात विचारलं होतं. दुकानदाराने उलट मलाच विचारलं, "पार किती येतो?" पार म्हणजे झाडं ज्यावर जगतात तो ४०० ते ७०० नॅनोमीटरचा उजेड. तो मोजायचं खरं यंत्र मिळतं, पण त्याच्या किमतीत माझा टँक स्टँडसकट दोनदा आला असता. म्हणून स्वस्तातला लक्स मीटर मागवला. लक्स म्हणजे आपल्या डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचं माप. पिवळं डबडं, पिळाची वायर आणि वायरीच्या टोकाला सेन्सरची पांढरी टिकली.

आई म्हणाली, "एवढा लख्ख उजेड पडलाय, तुला दिसत नाही का?"

गंमत म्हणजे मीटरचंही तेच म्हणणं असतं. तो माणसाच्या डोळ्यासारखंच बघायला शिकवलेला. हिरवट, म्हणजे ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या उजेडाला तो भरभरून मार्क देतो. झाडांच्या आवडत्या निळ्या-लाल उजेडाला मात्र हात आखडता. थोडक्यात, पैसे मोजून मी आईचंच मत आकड्यात विकत घेतलं होतं. तरी साध्या पांढऱ्या एलईडीखाली आलेल्या लक्सला ७० ने भागलं की पारचा ढोबळ अंदाज येतो. उन्हाचा भाजक ५४. जांभळ्या-गुलाबी लाइटवाल्यांनी हे गणित करूच नये.

खरी परीक्षा पाण्यात. उजेड हवा तळाला, आणि सेन्सरला पाणी वर्ज्य. म्हणून तो झिपच्या पिशवीत घातला. पिशवीत हवा राहिली, ती टुणकन वर. हवा चोखून काढली, आत गोटा टाकला, तेव्हा कुठे बाई बुडाल्या. लगेच सगळे गप्पी मासे नवरदेवाला गराडा घालणाऱ्या मेव्हण्यांसारखे जमले. एंजल तर सेन्सरवरच आडवा उभा राहिला. आकडा निम्म्यावर! त्याला हुसकावायला वाकलो तर माझ्याच डोक्याची सावली पडली. बायको दारातून म्हणाली, "तू बाजूला झालास तर जास्त उजेड पडेल." हे तिने फक्त टँकबद्दल म्हटलं असावं.

शेवटी तळाला आकडा स्थिरावला: २८०. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'गुणिले १०'. म्हणजे २८००, भागिले ७०, पार ४०. अनुबियास आणि जावा फर्न या झाडांना हा उजेड डोक्यावरून पाणी. गालिच्यासारखं पसरणारं गवत लावायचं तर आणखी हवा. पण नुसता लाइट वाढवला आणि कार्बन डायऑक्साइड नाही दिला, तर गवताआधी शेवाळ पसरतं.

टँकचा प्रश्न मिटला, घराचा सुरू झाला. मुलाने टेबलावर मीटर ठेवून जाहीर केलं, "बाबा, अभ्यासाला ३०० तरी लक्स लागतात. इथे १८०च आहेत." आणि पुस्तक मिटलं. आईला आता देवघर मोजून हवंय. परवा सोसायटीचे सेक्रेटरीकाका जिन्यातला नवा बल्ब पुरतो का ते बघायला म्हणून मीटर घेऊन गेले. दुसऱ्या मजल्यावर ११ लक्स भरले. तिसऱ्या मजल्यावर १९. आता दुसऱ्या मजल्यावरच्यांनी मेंटेनन्स थांबवलाय, आणि रविवारच्या मीटिंगला पुरावा म्हणून मला मीटरसकट बोलावलंय.