‘ज्याच्यात दम असतो तो वर येतोच’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

प्रज्ञावान मुलं कशी ओळखावीत या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. तुम्ही मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालात, तेव्हा दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून सुटणं मला बरं वाटेना. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हे नागपूरच्या धरमपेठ-रामदासपेठेसारख्या सुखवस्तू वस्त्यांतल्या पालकांचं खूळ आहे, मुलावर ‘प्रज्ञावान’ असा शिक्का बसला की त्याचं बालपण गेलंच. आणि ज्याच्यात दम असतो तो वर येतोच, त्यासाठी शाळेतली स्कॉलरशिप परीक्षा पुरे.

शिक्क्याबद्दल आपलं भांडण नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ‘तू किती हुशार’ असं ऐकलेली मुलं पुढचं कोडं निवडताना सोपं निवडू लागली, अवघड कोडं चुकलं की लवकर कच खाऊ लागली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं मात्र अवघडाला भिडली. म्हणून मी पालकांना सांगते, मूल वेगळं आहे हे तुम्हाला आणि त्याच्या शिक्षकांना कळू द्या, कॉलनीभर सांगत फिरू नका.

पण ‘वर येतोच’ हे मला पटत नाही, आणि त्याला कारण आहे.

मी दक्षिण नागपुरातल्या एका शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी पाचवीत एक मुलगी होती. वडिलांचा सक्करदऱ्याकडे संत्र्यांचा ठेला. फेब्रुवारीत मृग बहाराचा माल सुरू झाला की ती पहाटे त्यांच्यासोबत कळमन्याच्या बाजारात जायची आणि तिसऱ्या तासाला बाकावर मान टाकायची. गृहपाठ अर्धवट, अक्षर गिचमिड. एकदा वहीच्या शेवटच्या पानावर ती नुसते गोल काढत बसलेली दिसली. रागवायलाच गेले होते. पाहिलं तर चौकोनात मांडलेले गोल, त्याच्या बाजूला लहान चौकोन, मग आणखी लहान. काय आहे म्हणून विचारलं.

“मॅडम, खाली चार-चार मांडले त तीस संत्रे लागते. पाच-पाच मांडले त पंचावन.”

“आणि सहा-सहा?”

तिनं पंख्याकडे पाहिलं. “एक्याण्णव. खालचाच थर वाढते ना, छत्तीसचा.” मग जरा थांबून म्हणाली, “पण खालचे दबते, म्हणून बाबा चारच मांडते.”

सोळा, नऊ, चार, एक : तीस. वर्गसंख्यांची बेरीज आपण तिला शिकवलीच नव्हती. सर, स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी ज्या मुलांची नावं गेली त्यांत ती नव्हती. यादी मी केली होती, मार्क आणि वह्या पाहून. त्या मुलीत दम नव्हता असं कोण म्हणेल? परीक्षा तिला नापास करू शकली नाही, कारण मी तिला परीक्षेपर्यंत पोचूच दिलं नाही. हे मला अजून खुपतं.

हे माझ्याच हातून झालं असतं तर मी गप्प बसले असते. पण अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड जिल्ह्यात नेमकं हेच दिसलं. तिथे आधी शिक्षक-पालक सुचवतील त्याच मुलांची तपासणी व्हायची. २००५च्या सुमारास दुसरीतल्या सरसकट सगळ्या मुलांना एक छोटी, भाषेवर न बेतलेली चाचणी देणं सुरू झालं. लगेच गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं कितीतरी जास्त संख्येनं पुढे आली. ती आधीही त्याच वर्गांत बसत होती. पुढे पैशाअभावी ही चाळणी थांबली आणि त्यांचं प्रमाण पुन्हा घसरलं.

चाचणीवर माझी आंधळी श्रद्धा आहे असंही समजू नका. लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञानं १९२१पासून कॅलिफोर्नियात बुद्ध्यांक पाहून सुमारे १,५०० मुलं निवडली. त्या चाचणीतून विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोन मुलांची निवड झाली नाही. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ साली. आणि मुळात १९०५मध्ये फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांनी बुद्धिचाचणी बनवली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून, पहिला नंबर काढायला नाही. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तीच मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतून घेतली. चाचणीनं ‘हो’ म्हटलं तर ऐकावं, ‘नाही’ म्हटलं तर मुलाकडे पुन्हा बघावं, इतकाच माझा तिच्यावर विश्वास. स्कॉलरशिपलाही मी हेच लावते.

एका ठिकाणी मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. मागच्या लेखात मी लक्षणं दिली होती : लवकर वाचायला लागतं, मोठ्यांसारखे शब्द वापरतं, पुस्तकांत रमतं. ही लक्षणं ज्या घरात पुस्तकं आहेत त्या घरातल्या मुलांचीच आहेत. ठेल्यावरच्या मुलीला ती कुठून लागू व्हावीत? ‘खूळ’ हा शब्द तुम्हाला त्या यादीमुळे सुचला असेल तर चूक माझी. ती यादी मी आज काढून टाकली आहे.

तिच्या जागी आता शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ साली मांडलेल्या तीन गोष्टी दिल्या आहेत : सरासरीहून बरी क्षमता, नवं सुचणं, आणि एखाद्या कामाला चिकटून राहणं. यातली तिसरी वर्गात सगळ्यात कमी दिसते, कारण मूल शाळेच्या कामाला चिकटेलच असं नाही. ते घड्याळ उघडतं, मेट्रोच्या गाड्यांमधलं अंतर मोजत बसतं, ठेला मांडतं. म्हणून मी हल्ली वही शेवटच्या पानापासून तपासते. आणि स्कॉलरशिपची नावं पाठवण्याआधी सगळ्या वर्गाला न शिकवलेलं एक कोडं घालते, उत्तरापेक्षा कोण किती वेळ त्याच्याशी झटतं ते बघते.

ती मुलगी आता सातवीत आहे. या वेळी स्कॉलरशिपला तिचं नाव द्यायचं ठरलं आहे, वडिलांशी बोलणं झालं. मागच्या आठवड्यात तिला विचारलं, थर चौकोनी न लावता त्रिकोणी लावले तर? उत्तर अजून आलेलं नाही. वहीची मागची चार पानं मात्र गोलांनी भरली आहेत.