ट्रस रॉड आवळून फ्रेट बझ (तारेची खरखर) जात नाही
आपल्या इंदूरच्या गिटारवाल्या पोरांमध्ये एक मेसेज फिरतोय, "तार खरखरली की ट्रस रॉड आवळा, झालं." प्लीज नका करू असं. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) आतली सळई. रॉड आवळला की नेक अजून सरळ होते, तारेला हलायला जागाच कमी पडते, त्यामुळे पहिल्या ५ फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खरखर असेल तर ती उलट वाढते, तिथे रॉड बहुतेक सैल करावा लागतो.

आधी ट्यून करा, पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेटमधली फट बघा, साधारण ०.२५ मिमी हवी. तार चिकटलीच असेल तर पाव फेरा सैल, परत ट्यून, परत माप.

खरखर फक्त बाराव्याच्या पुढे असेल तर सॅडल (गिटारच्या खालच्या टोकाचा तारेचा टेका) जरा वर घ्या, आणि नुसत्या मोकळ्या तारेलाच असेल तर बहुतेक नटची (नेकच्या वरच्या टोकाच्या पट्टीची) खाच खोल झालेली असते. परवा राजवाड्याजवळच्या एका मुलाची गिटार बघितली, मेसेज वाचून रॉड इतका आवळलेला की नेक चक्क मागे वाकलेली, ई तार पहिल्या ४ फ्रेटवर नुसती टकटक करत होती, खूप वाईट वाटलं. आणि हो, ॲम्पमधून (इलेक्ट्रिक गिटारच्या स्पीकरमधून) खरखर ऐकूच येत नसेल तर हात लावू नका.