‘ते जिंकले नाहीत, आपण हरलो’

न्यूझीलंडने २०२४ मध्ये भारताला भारतातच कसोटी मालिकेत तीन-शून्य असे हरवले. तो विषय निघाला की पुण्यातली माझी भावंडे आणि जुने मित्र अजूनही एकच वाक्य ऐकवतात : ‘ते जिंकले नाहीत, आपण हरलो.’ वेलिंग्टनमध्ये राहणाऱ्या मला हे वाक्य फार लागते, कारण त्यात दुसऱ्याचा विजय त्याच्या नावावर लावायलाच नकार आहे. आपले फलंदाज बेफिकीर होते, खेळपट्टी चुकीची बनवली, निवड फसली, अशी सगळी कारणे आपल्याच घरातली. समोर अकरा माणसे खेळत होती याची त्यात नोंदच नाही.

‘विन’ म्हणजे जिंकणे, पण या इंग्रजी क्रियापदाचा जुना अर्थ झटणे, झुंजणे, कष्ट उपसणे असा होता, आणि खाणकामाच्या इंग्रजीत कोळसा आजही ‘विन’ केला जातो, म्हणजे खणून मिळवला जातो. नाणेफेकही ‘विन’ करतात, तिथे मात्र कष्टाचा संबंध नाही. त्या मालिकेत बंगळूरूला नाणेफेक भारताने जिंकली, ढगाळ हवेत फलंदाजी घेतली आणि डाव ४६ धावांत आटोपला. पुण्यात न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने सामन्यात तेरा बळी घेतले, ते षटकामागून षटक एकाच टप्प्यावर चेंडू टाकून. वानखेडेवर भारताला १४७ धावा हव्या होत्या आणि संघ १२१ वर बाद झाला. न्यूझीलंडचा प्रमुख फलंदाज केन विल्यमसन दुखापतीमुळे एकही सामना खेळला नसताना हे घडले. याला कमाई म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

आमच्या महाराष्ट्राने तर हे आधीही पाहिले होते. या मालिकेपूर्वी न्यूझीलंडने भारतात दोनच कसोटी सामने जिंकले होते, १९६९ मध्ये नागपूरला आणि १९८८ मध्ये मुंबईला. ज्यांच्या गावात हे घडले, त्यांनी तरी या संघाला पाहुण्यासारखे वागवून सोडून देऊ नये.

इथे शनिवारी शाळेचा सामना संपला की मुले रांगेत उभी राहून समोरच्या संघासाठी ‘थ्री चिअर्स’ देतात आणि मग सॉसेजच्या रांगेत जातात. जिंकलेलीही देतात आणि हरलेलीही. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंड आणि इंग्लंड दोघांच्याही धावा २४१, सुपर ओव्हरमध्येही पंधरा-पंधरा, आणि चौकार-षटकारांच्या मोजणीत २६ विरुद्ध १७ असा इंग्लंडचा विजय ठरला. इथे हळहळ पुष्कळ झाली, नियमावर टीकाही झाली, पण माझ्या ओळखीतल्या कोणीही इंग्लंडचा चषक खोटा ठरवला नाही. १९८१ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने षटकार मारता येऊ नये म्हणून शेवटचा चेंडू जमिनीवरून सरपटत टाकला, त्या अंडरआर्म चेंडूचा राग इथे पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे, हे मला कोणी सांगण्याची गरज नाही. तो राग ऑस्ट्रेलिया कसा जिंकला याबद्दल आहे. जिंकला हे कोणी नाकारत नाही.

न्यूझीलंडचा फिरकी गोलंदाज एजाझ पटेल याचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. मुंबईत जन्मलेला हा मुलगा लहानपणी आईवडिलांबरोबर इकडे आला आणि डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर त्याने एका डावात दहाच्या दहा बळी घेतले. तेव्हा सगळ्या मुंबईने त्याला ‘आपला’ म्हटले. ते सोपे होते, कारण तो सामना भारताने ३७२ धावांनी जिंकला होता. तीन वर्षांनी त्याच मैदानावर त्याने अकरा बळी घेऊन सामना जिंकून दिला, तेव्हा माझ्या घरच्यांच्या बोलण्यात त्याचे नावही आले नाही. म्हणजे परदेशी गेलेला माणूस आपला असतो, पण तो हरत असेपर्यंतच का?

हा प्रश्न मी एजाझसाठी विचारतो आहे असे मला आधी वाटत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये वानखेडेवर भारताचा शेवटचा बळी पडल्यावर मी भावाला फोन केला आणि माझ्या तोंडून ‘आपण जिंकलो’ असे निघाले. ‘आपण म्हणजे कोण?’ असे त्याने विचारले, आणि मी क्षणभरही न अडखळता ‘न्यूझीलंड’ म्हणालो. पुण्यात बसलेल्या भावाशी बोलताना ‘आम्ही’ हा शब्द मला सुचला नाही, कारण त्या आनंदातून त्याला वगळावे असे मनातच नव्हते. मार्च २०२५ मध्ये दुबईत भारताने न्यूझीलंडला चार गडी राखून हरवले, तेव्हाही मी ‘आपण जिंकलो’ म्हणालो, आणि त्या वेळी कोणीही मला काही विचारले नाही.